कुंतल, झिपऱ्या आणि जट : पनवेलच्या कातकरी मुलांच्या संदर्भात मराठी केशवर्णनाचा विचार

मराठीत केसांविषयी बोलण्यासाठी शब्दांचे दोन समूह आढळतात. पहिल्या समूहात कुंतल, अलक, केशकलाप, केशसंभार, वेणी, अंबाडा, जावळ हे शब्द येतात. दुसऱ्यात झिपऱ्या, झिंज्या, शिपतर, टोपले हे. पहिला समूह मुख्यतः काव्याने आणि सुखवस्तू घराच्या माजघराने जोपासला. दुसरा भांडणाने, चेष्टेने आणि शाळेच्या अंगणाने. शब्दकोशाच्या दृष्टीने पाहिले तर हे केवळ नीट केस आणि विसकटलेले केस यांचे वाचक शब्द आहेत. परंतु प्रत्यक्ष वापरात त्यांची वाटणी केस पाहून होत नाही, केस कोणाच्या डोक्यावर आहेत हे पाहून होते. बाळकृष्णाच्या कपाळावर रुळणारे कुरळे केस कुंतल ठरतात, आणि तसेच केस वाडीवरच्या पोराच्या कपाळावर आले की त्यांच्या झिपऱ्या होतात. पिंगट केसांची गोष्टही अशीच आहे. घाऱ्या डोळ्यांच्या, गोऱ्या मुलीचे पिंगट केस हे तिच्या रूपाचे एक लक्षण म्हणून सांगितले जाते. काळ्या वर्णाच्या मुलीचे पिंगट केस मात्र तिच्या अस्वच्छतेचा पुरावा मानले जातात.

हा भेद मोठ्यांच्या वाङ्मयात उपरोधाने किंवा वास्तवदर्शनाच्या हेतूने आला तर त्याचा विचार वेगळ्या रीतीने करता येतो. बालवाङ्मयात तो आला म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. कारण ते वाचणारे मूल स्वतःचे डोके घेऊनच पुस्तकासमोर बसलेले असते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पनवेल तालुक्यातील कातकरी मुलांच्या संदर्भात करावयाचा आहे. कर्नाळ्याच्या पायथ्याशी आणि माथेरानच्या डोंगरउतारांवर कातकऱ्यांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. २०१६ साली पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, शहर वाड्यांच्या जवळ सरकले, आणि वाडीवरची मुले शहराच्या भाषेच्या अधिक निकट आली. ज्या पुस्तकांतून ती मराठी लिहावाचावयास शिकतात ती पुस्तके त्यांच्या रूपाविषयी काय सांगतात, हा केवळ सद्भावनेचा विषय नसून समीक्षेचाही विषय आहे.

येथे एक आक्षेप प्रथमच विचारात घेतला पाहिजे. मराठी परंपरा वर्णाच्या बाबतीत उदार आहे. जिचा आराध्य देवच सावळा, तिला काळ्या रंगाचे वावडे कसे असेल, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. सावळा, मेघश्याम, घननीळ या शब्दांनी मराठी भक्तिकाव्याने काळ्या रंगाला अशी प्रतिष्ठा दिली आहे की लग्नाच्या बाजारातील गोरेपणाचा आग्रहही ती पुसू शकलेला नाही. तथापि ही उदारता रंगापाशीच थांबते. केसांच्या बाबतीत या परंपरेचा आदर्श एकच आहे: काळेभोर, लांब, सरळ, तेल लावून विंचरलेले आणि बांधलेले केस. मोकळे केस शोकाचे, कोपाचे किंवा अंगात येण्याचे चिन्ह. पिंजारलेले केस भुताखेताचे. बालकथेतील हडळ आणि बालरंगभूमीवरील चेटकीण मुलांना पाहताक्षणी ओळखू यावी म्हणून तिच्या केसांवरच भिस्त ठेवली जाते. सावळ्या विठोबाने जे काळ्या मुलाला दिले ते चेटकिणीच्या टोपाने त्याच्याकडून परत घेतले, असे म्हणण्यास जागा आहे.

आता ज्यांना सरसकट झिपऱ्या म्हटले जाते त्या केसांकडे वळावयाचे. वस्तुतः या एका शब्दाखाली तीन अगदी भिन्न अवस्था दडपल्या गेल्या आहेत. त्या वेगळ्या केल्यावाचून नैसर्गिक केसांच्या अभिमानाची भाषा मराठीत अर्थपूर्ण होणार नाही.

पहिली अवस्था निसर्गाची. तिचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सिद्दी समाजाचे आहे. पनवेल ज्या रायगड जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात मुरूडजवळ जंजिरा आहे, आणि मराठी विद्यार्थी सिद्दी हे नाव प्रथम ऐकतो ते तेथील जलदुर्गाचा शत्रू म्हणून. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला होता, आणि १६२६ साली मरेपर्यंत त्याने मोगलांना दख्खनेत रोखून धरले, हे त्याला पुढे कधीतरी कळते. परंतु सिद्दी हे केवळ इतिहासातील पात्र नव्हे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत त्यांची वस्ती आहे. त्यांतील पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्यातून तेथे आले. त्यांची घरातील बोली कोंकणीच्या कुळातील असून तिच्यावर मराठी व कन्नड यांचा संस्कार आहे. त्या जिल्ह्यातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या मुलांचे घट्ट कुरळे केस हे त्यांच्या वंशाचे सहज लक्षण आहे. तेलाने, फणीने किंवा शिस्तीने ते सरळ व्हावयाचे नाहीत आणि व्हावयाचे कारणही नाही. १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलांना धावण्याच्या व अन्य क्रीडाप्रकारांच्या शिक्षणासाठी निवडण्याची योजना आखली, तेव्हा त्यांच्या आफ्रिकी वंशाकडे एक गुण म्हणून पाहिले गेले. त्यांच्या पायांचे मोल शासनाला कळले. त्यांच्या डोक्याविषयीची भाषा मात्र तीच राहिली. हबशी हा मुळात देशवाचक शब्द. तो मराठी शाळेच्या अंगणात काळ्या रंगाच्या व कुरळ्या केसांच्या कोणत्याही मुलाला हिणविण्यासाठी वापरला जातो, यावरून त्या भाषेची कल्पना यावी.

दुसरी अवस्था अभावाची. पनवेलच्या वाड्यांचा विचार येथे विशेषेकरून करावा लागतो. कातकरी हे नाव खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडले. जंगल हातचे गेल्यावर तो धंदा संपला. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते त्यांत कोलाम व माडिया यांच्याबरोबर कातकरी आहेत. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि आगोटीच्या सुमारास परततात. शाळेचे अर्धे वर्ष मुलांच्या डोक्यावर भट्टीची राख बसते. प्रथिनांचा दीर्घकाळ अभाव झाला असता केसांचा काळेपणा उतरतो, ते तांबूस, कोरडे आणि विरळ होतात, हे वैद्यकशास्त्राला पूर्णपणे ज्ञात आहे. अशा केसांना झिपऱ्या म्हणणे म्हणजे भुकेला कुरूपता म्हणणे होय. उलट त्यांना केवळ नैसर्गिक सौंदर्य म्हणून गौरविणे ही त्याहून सूक्ष्म अशी फसवणूक ठरेल. ज्या मुलाला ताटात डाळ हवी आहे त्याच्या हाती कविता ठेवून लेखकाने आपली सुटका करून घेता कामा नये.

याचा अर्थ कातकरी मुलांच्या केसांत स्वतःचे असे काही रूपच नाही, ते सारे अभावाचेच फलित आहे, असा मुळीच नाही. कातकऱ्यांविषयीच्या जुन्या लिखाणाने ही दुसऱ्या टोकाची चूक करून ठेवली आहे. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले तेव्हा पनवेल त्या जिल्ह्यात होते. तेथील वन्य जमातींचे वर्णन करताना रंग, बांधा आणि राहणी यांची नोंद ज्या अलिप्त दृष्टीने केली गेली ती दृष्टी झाडांची नोंद करणाऱ्या वनाधिकाऱ्याची होती. त्या वर्णनात माणूस दिसतो, पण त्याला स्वतःच्या रूपाविषयी काही वाटत असेल ही शक्यता दिसत नाही. गॅझेटियरने रूपाची नोंद केली आणि मूल्य वगळले. कथालेखकाने मूल्य आयते उचलले आणि नोंद वगळली. दोहोंच्या मध्ये वाडीवरची आई आपल्या मुलीच्या केसांना कोणत्या शब्दाने संबोधते हे लिहावयाचे राहून गेले.

तिसरी अवस्था जटेची आहे, आणि तीच या प्रश्नाला खास मराठी वळण देते. केस दीर्घकाळ विंचरले गेले नाहीत की एकमेकांत गुंतून त्यांची जट होते. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात मुलीच्या डोक्यात जट दिसली की ती सौंदत्तीच्या यल्लम्माची आज्ञा मानली गेली, आणि अशा कित्येक मुली देवीला सोडण्यात आल्या. देवदासी प्रथेच्या निर्मूलनासाठी १९३४ साली मुंबई इलाख्यात, १९८२ साली कर्नाटकात आणि २००५ साली महाराष्ट्रात कायदे झाले. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी घरोघर बसून स्त्रियांच्या जटा सोडविल्या. केस जसे आहेत तसे राहू द्या, त्यांना हात लावू नका, हे वाक्य अमेरिकेत मुक्तीचे वाक्य असू शकते. सौंदत्तीच्या वाटेवर हेच वाक्य कैक मुलींच्या दास्याचे वाक्य ठरले आहे. परदेशातील विचार जसाच्या तसा उचलता येत नाही तो याच कारणाने.

तरीही तो विचार समजून घेणे आवश्यक आहे. कृष्णवर्णीय अमेरिकेशी मराठीचा संबंध आजचा नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा तिने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीत परिचित करून दिले. परंतु हा परिचय प्रौढांच्या साहित्यापुरता राहिला. कृष्णवर्णीय लेखकांनी आपल्या मुलांसाठी काय लिहिले याकडे मराठी समीक्षेचे फारसे लक्ष गेले नाही.

त्या वाङ्मयात केसांचा विषय केंद्रस्थानी आहे, आणि त्याची कारणे उघड आहेत. केनेथ व मेमी क्लार्क या दांपत्याने १९४० च्या दशकात गोऱ्या व काळ्या बाहुल्यांच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांत, काळ्या मुलांपैकी बहुसंख्य मुले गोरी बाहुली चांगली असल्याचे सांगतात, असे आढळले होते. १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा संशोधनाची दखल घेतली. शाळा एक झाल्या तरी डोक्यावरील केसांचा निवाडा व्हावयाचा राहिला. नैसर्गिक केसांच्या ठेवणीवरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करण्यास मनाई करणारा ‘क्राउन ॲक्ट’ हा कायदा कॅलिफोर्निया राज्याने प्रथम केला तो २०१९ साली.

या वाङ्मयातील दोन पुस्तके प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. पहिले कॅरोलिव्हिया हेरन यांचे ‘नॅपी हेअर’ (१९९७). नॅपी हा शब्द काळ्यांच्या घट्ट कुरळ्या केसांसाठी वापरला जाणारा, गुलामीच्या काळापासून अपमानाने माखलेला शब्द आहे. आपल्या झिपऱ्या या शब्दाचा तो सख्खा भाऊ म्हणावा. हेरन यांनी हा शब्द टाळला नाही. एका घरगुती मेळाव्यात काका आपल्या भाचीच्या केसांचे वर्णन करू लागतो आणि जमलेले नातलग त्याच्या प्रत्येक ओळीला साद देतात, असा त्या पुस्तकाचा घाट आहे. भजनात एकाने म्हणावे आणि टाळकऱ्यांनी झेलावे, तशी ही रचना आहे. शब्दातील विष त्या सामुदायिक उच्चारात उतरत जाते. परंतु १९९८ साली न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन भागात एका गोऱ्या शिक्षिकेने हे पुस्तक वर्गात वाचावयास घेतले, तेव्हा त्यातील काही पानांच्या प्रती पाहून पालक संतप्त झाले आणि अखेर त्या शिक्षिकेने ती शाळा सोडली. पालकांपैकी पुष्कळांनी पूर्ण पुस्तक पाहिलेले नव्हते, आणि शिक्षिकेचा हेतू शुद्ध होता. असे असूनही त्या प्रसंगातून निघणारे समीक्षेचे सूत्र मोलाचे आहे. एकच शब्द काकाच्या तोंडी लाडाचा होतो आणि परक्याच्या तोंडी जखमेचा. शब्दाचा अर्थ वाक्याइतकाच नात्यानेही ठरतो.

हे सूत्र मराठीला लावून पाहता येते. आई मुलीला फणी घेऊन बसवते आणि “झिपरे, हलू नकोस” असे म्हणते, तेव्हा त्या शब्दात राग नसतो. तोच शब्द हजेरी घेताना शाळेत ऐकू आला की मुलगी शाळेत येईनाशी होते. अरुण साधू यांनी आपल्या ‘झिपऱ्या’ या कादंबरीत मुंबईच्या रेल्वे फलाटांवर बूटपॉलिश करणाऱ्या मुलांचे जग उभे केले. त्या नायकाची ओळखच या विशेषणाने होते, आणि कादंबरी जसजशी पुढे जाते तसतसे ते विशेषण विशेषनाम होऊन माणूस धारण करू लागते. हेरन यांच्या पुस्तकाप्रमाणे येथेही अपमानाचा शब्द आतून उलगडला आहे. परंतु ही कादंबरी वाचणारा प्रौढ वाचक त्या मुलाकडे पाहत असतो, तो मुलगा नसतो. ज्या मुलाला खरोखरच झिपऱ्या म्हणतात त्याच्यासाठी, त्याच्या बाजूने, त्याच शब्दाचा असा उलगडा करणाऱ्या मराठी बालकथेची उणीव येथे जाणवते.

दुसरे पुस्तक मॅथ्यू चेरी यांचे ‘हेअर लव्ह’ (२०१९). याच नावाच्या त्यांच्या लघुचित्रपटाला २०२० साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यात शब्दांचा गौरव जवळजवळ नाही. आई घरी नाही आणि मुलीचे दाट कुरळे केस बांधावयाचे आहेत. वडिलांना ते जमत नाही, ते चुकतात, शिकतात आणि अखेर बांधतात. तुझे केस सुंदर आहेत असे कोणी व्याख्यान देत नाही. त्या केसांना वेळ दिला जातो, आणि वेळ देण्याजोगे ते आहेत हे मुलीला आपोआप कळते. स्तुतिपर बालकवितेत जे साधत नाही ते येथे एका कृतीने साधले आहे.

ही कल्पना मराठीला नवी नाही, हे लक्षात आले म्हणजे आश्चर्य वाटते. जनाबाईच्या नावावर असलेल्या एका अभंगात जनी तुळशीच्या बनात आपली वेणी उकलीत बसली आहे. ती नामदेवाच्या घरची दासी. दळण, कांडण, शेण, पाणी यांत दिवस संपणारी. तिचे केस कोण पाहणार? तेथे प्रत्यक्ष देव हातात लोणी घेऊन तिचे डोके चोळतो आणि तिच्या डोक्यावर पाणी घालतो. कारण तिला दुसरे कोणी नाही. या अभंगात केसांचे एकही विशेषण नाही. ते लांब होते की आखूड, काळे होते की पिंगट, कुरळे होते की सरळ, हे सांगण्याची गरज कवयित्रीला वाटलेली नाही. पंडिती केशवर्णनात केस असतात आणि हात नसतो. जनाबाईच्या अभंगात हात आहे आणि वर्णन नाही. दासीच्या डोक्याला मिळालेली प्रतिष्ठा कुंतल या शब्दाने मिळालेली नसून त्या हाताने मिळालेली आहे.

वर वेगळ्या केलेल्या तीनही अवस्थांना हा आदर्श पुरा पडतो, हे त्याचे खरे महत्त्व. सिद्दी मुलीच्या कुरळ्या केसांना तो सरळ करू पाहत नाही. त्यांच्या वळणाप्रमाणे हात चालवितो. कातकरी मुलीच्या तांबूस केसांना तो सुंदर म्हणून मोकळा होत नाही. हातात लोणी घेऊन येतो, म्हणजे अभाव ओळखतो आणि तो भरून काढतो. आणि जटेला तो दैवी मानून सोडून देत नाही. येथे देवच केस सोडवीत बसला आहे, मग न सोडविलेल्या केसांत देव शोधण्याचे कारण उरत नाही. नैसर्गिक केसांचा अभिमान आणि केसांची निगा या दोहोंत परदेशी चर्चेत कधीकधी जो विरोध भासतो तो येथे मिटतो.

यावर कोणी असे म्हणेल की विंचरण्याचा आग्रह शाळाही धरते. तेल लावून, दोन वेण्या घालून, रिबिनी बांधून या, असे ती सांगतेच. परंतु शाळेचा आग्रह आणि अभंगातील कृती यांत मूलभूत अंतर आहे. शाळा निकाल मागते, हात देत नाही. ज्या घरात तेलाची बाटली महिन्याला एकदा येते त्या घरातील मुलीला तो आग्रह शिक्षेसारखा वाटतो. आणि वसतिगृहात उवांचे निमित्त करून केस सरसकट कापले जातात तेव्हा त्या आग्रहाचे खरे रूप प्रकट होते. मुलीच्या डोक्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्राने विधवांच्या केशवपनाच्या वेळी एकदा विचारला होता. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी हे काम करण्यास नकार दिला, आणि वस्तरा धरणाऱ्या हातानेच त्या प्रश्नाचे उत्तर दिले. वसतिगृहातील कातरीविषयी तोच प्रश्न आज विचारणे भाग आहे.

या विवेचनातून बालवाङ्मयाच्या समीक्षेपुढे काही निश्चित कामे उभी राहतात. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत केसांची विशेषणे कोणत्या पात्रांना लावली जातात, आणि चित्रांत कोणत्या केसांची मुले पुढच्या बाकावर व कोणती दाराशी दिसतात, याचे पद्धतशीर परीक्षण व्हावयास हवे. त्याहून निकडीचे काम पनवेलच्या परिसरातील आहे. कातकऱ्यांची बोली मराठीच्या निकट असली तरी तिचे शब्दभांडार वेगळे आहे. केस, फणी, वेणी, उवा, तेल यांविषयी त्या बोलीत आया मुलांशी कोणत्या शब्दांत बोलतात, लाडाचे शब्द कोणते आणि रागाचे कोणते, याचा संग्रह पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वाड्यांवर जाऊन करता येण्याजोगा आहे. ज्या बायका ते शब्द आजही वापरतात त्यांच्या नाती शाळेची मराठी बोलू लागल्या आहेत, म्हणून त्याला फार विलंब परवडणारा नाही. मराठीतील कातकरी मुलीची गोष्ट कधी लिहिली गेली तर तिच्यातील आईच्या तोंडी घालण्यास त्या बोलीतील शब्द लेखकाजवळ असला पाहिजे. झिपऱ्या आणि कुंतल या दोहोंपैकी एकही तेथे चालणार नाही.